किल्ली कुणाच्या कमरेला?



आपण घर बदललं. म्हणजे आपल्या अंकाच्या वेबसाईटनं घर बदललं. जुन्या होस्टिंगवाल्याकडून सगळं सामान उचललं आणि नव्याकडे नेऊन मांडलं. त्याआधी चार दिवस साईट बंद होती. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या पोरांचे फोन आले, ‘उमरखेडची चळवळ संपली काय रे?’ संपली नाही. पण संपता संपता वाचली, हे खरं. म्हणून हे लिहितोय. हा माफीनामा नाही. हिशेब आहे.

आधी सरळ गोष्ट सांगतो. वेबसाईट काही हवेत तरंगत नसते. कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी मशीनवर पडलेल्या त्या फायली असतात. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात. तिथली जागा भाड्यानं घ्यायची, याचं नाव होस्टिंग. दारावरची पाटी म्हणजे डोमेन. तिचं भाडं वेगळं. खोली एकाची आणि पाटी दुसऱ्याची, असंही चालतं. आणि या नावाची पाटी कोणत्या खोलीची, याची नोंद जिथं असते ते डीएनएस. सातबाराच म्हणा ना. तर खोली, पाटी आणि सातबारा. तिन्हीच्या किल्ल्या वेगळ्या. त्या ज्याच्या कमरेला, साईट त्याची. बाकीच्यांनी ‘आपली साईट, आपली साईट’ म्हणत फिरावं.

आमच्या कमरेला एकही किल्ली नव्हती.

झालं असं. साईट काढली तेव्हा ज्याच्याकडे बँकेचं कार्ड होतं त्यानं पैसे भरले. सगळं त्याच्या नावावर झालं. आम्हाला काय, साईट दिसली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढं त्याला नोकरी लागली, तो उमरखेड सोडून गेला. भाडं भरा म्हणून ई-मेल यायचे ते त्याच्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता तो उघडतच नव्हता. पहिल्या वर्षी भाडं स्वस्त होतं, नूतनीकरणाला तिप्पट झालं. तेही आम्हाला ठाऊक नाही. एका सकाळी साईटच्या जागी होस्टिंगवाल्याची पाटी, ‘हे खाते स्थगित आहे’. वर्गणी आमची, शब्द आमचे, आणि कुलूप तिसऱ्याचंच.

तो दोस्त गद्दार नव्हता. फोन लागला तेव्हा तोही घाबरला. पासवर्ड त्यालाही आठवत नव्हता. थकलेले पैसे भरले, ओळख पटवली, चौथ्या दिवशी कुलूप निघालं. पण समजा त्याचं आमचं बिनसलं असतं तर? समजा चळवळीत फूट पडली असती तर? हसू नका. पँथर १९७२ ला उभी राहिली आणि १९७४ ला फुटली. फूट पडली की भांडण कशाचं होतं? नावाचं, शिक्क्याचं, कचेरीच्या किल्लीचं. आता त्यात पासवर्डची भर पडली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वतन मोडा म्हणून ते जन्मभर झगडले. आणि आम्ही काय केलं? पासवर्डचं नवं वतन तयार करून एकाच्या नावानं लिहून दिलं. त्यानं मागितलंही नव्हतं. आम्हीच आळशी.

आता कुणी म्हणेल, चार लेख गेले असते तर गेले असते, एवढं काय? ऐका. त्या साईटवर पैनगंगेच्या पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीकडच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंचं टेंभुर्णी नांदेड जिल्ह्यातलंच. आपल्या इथून पूल ओलांडला की तो मुलूख सुरू होतो. ज्यांची घरं जळाली, ज्यांनी रात्र पऱ्हाटीत काढली, त्यांचं बोलणं आपल्या पोरापोरींनी गावोगाव जाऊन रेकॉर्ड केलंय. त्यातली काही माणसं आता नाहीत. त्यांना परत बोलवून ‘बाबा, पुन्हा एकदा सांगा’ असं म्हणता येत नाही. ते आवाज दुसरीकडे कुठंच ठेवलेले नव्हते. चार दिवस आम्हाला झोप नव्हती ती साईटसाठी नाही. त्या आवाजांसाठी.

आपल्या शब्दांना जागा मिळणं हा प्रश्न कालचा नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात, पैसे देतो म्हणूनसुद्धा, ‘केसरी’नं छापली नाही. बाबासाहेबांनी त्यातून धडा घेतला. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ एकामागून एक काढले, आणि नुसते अंक काढून थांबले नाहीत. स्वतःचा छापखाना उभा केला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस चालेल, हे त्यांना कळलं होतं.

आणि त्या वारशाचं आपण काय केलं? दादरच्या आंबेडकर भवनाच्या आवारात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होती. जागा ट्रस्टची की कुणाची, याचा वाद चिघळला. २५ जून २०१६ च्या पहाटे बुलडोझर आला. भवन गेलं, प्रेसही गेली. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चा निघायलाच पाहिजे होता. पण पाडलेली भिंत मोर्चानं परत उभी राहत नाही. मालकीचा कागद स्वच्छ नसला की आपल्याच घरात बुलडोझर शिरतो.

परक्याच्या घरचं तर विचारूच नका. याहूनं ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं. लोकांनी फुकटात थाटलेली लाखो घरं पुसली गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. म्हणून जे म्हणतात, ‘फेसबुक आहे, इन्स्टा आहे, साईट कशाला?’, त्यांना सांगणं एवढंच की ती खोलीसुद्धा नाही. ती सावकाराची ओसरी. बसायला देतो तोवर बसा, वर तुमची जाहिरातही विकतो. ओसरीवर जरूर बसा, ओरडा, माणसं गोळा करा. पण दप्तर तिथं ठेवू नका. आणि भाड्याची पक्की खोली घेतली म्हणजे सगळं झालं असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांनी मूळ आणि नक्कल एकाच आवारात ठेवली होती, त्यांचं दोन्ही जळालं.

आता आम्ही सामान कसं हलवलं ते सांगतो, कारण उद्या तुमच्यावरही ही पाळी येईल.

पहिलं, जुनी खोली सोडायची घाई केली नाही. आधी सगळ्या फायली उतरवून घेतल्या. फायली वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा. लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. नुसत्या फायली आणल्या तर रिकामी भांडी आणल्यासारखं होतं. दुसरं, नव्या घरात सगळं मांडून आधी आपल्यापुरतं उघडून बघितलं, आणि बघितलं म्हणून वाचलो. मराठीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं! ‘जय’च्या जागी दोन, ‘भीम’च्या जागी तीन. देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या अक्षरसंचात मजकूर ओतला गेला होता. विचित्र विलायती चिन्हं दिसली तर मूळ मजकूर बहुतेक वेळा परत काढता येतो. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर मेलेलं असतं. जुन्या खोलीत मूळ प्रत होती म्हणून अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवून पुन्हा उतरवलं. आम्ही आधीच ती खोली सोडली असती तर?

तिसरं, सगळं नीट दिसल्यावरच सातबारा बदलला. डीएनएसमध्ये नवा पत्ता टाकला तरी जगभरची यंत्रं जुना पत्ता काही तास, कधी एखादा दिवस धरून बसतात. म्हणून ती मुदत आदल्या दिवशीच कमी करून ठेवली, आणि दोन्ही खोल्या आठवडाभर चालू ठेवल्या. ई-मेलची नोंद वेगळी असते, तीही नेली. नाहीतर साईट इकडे आणि टपाल तिकडे. चौथं, पाटी. खोली बदलली म्हणून पाटी बदलावी लागत नाही. पण ती एकाच्या नावावर होती, ती संघटनेच्या नावावर करून घेतली. यातलं एकही काम इंजिनियरनं केलं नाही. बारावी झालेल्या दोन मुली आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा एक पोरगा, असे तिघं होते. मधेच लाईट गेली तर मोबाईलच्या नेटवर बसले.

कुणी म्हणेल, गावोगाव अत्याचार होतायत आणि तुम्ही संपादकीयात पासवर्ड घेऊन बसलात! बाबा रे, अत्याचार झाला हे उद्या सिद्ध कशावर करशील? साक्षीदार फितूर होतात. बातमी तिसऱ्या दिवशी मरते. राहतं ते आपण जपलेलं दप्तर. मोर्चाची परवानगी काढणारा जेवढा कार्यकर्ता, तेवढाच बॅकअप घेणारा. ते हलकं काम नाही. हलकं काम कोणतं आणि भारी कोणतं, ही वाटणी आपण मोडायला निघालोय ना?

म्हणून आम्ही ठरवलं आणि ठरावाच्या वहीत लिहिलं : तिन्ही किल्ल्या संघटनेच्या नावावर. पासवर्ड तिघांकडे, त्यात किमान एक बाई. दर वर्षी माणसं बदलणार. दर महिन्याला पूर्ण नक्कल दोन डिस्कवर, एक उमरखेडात आणि एक नांदेडला. भाड्याची तारीख कचेरीच्या भिंतीवर, ठळक अक्षरात.

आता तुम्ही सांगा. तुमच्या शाखेचं पान कुणाच्या नावावर आहे? तुमच्या मंडळाचे जुने फोटो, पत्रकं, गाणी कुठं पडलीयत? आज रात्री विचारा. उत्तर ‘त्या भाऊला माहीत आहे’ असं आलं, तर त्या भाऊच्या घरी जा, चहा घ्या आणि किल्ली मागून आणा. प्रेमानं मागा. पण आणा.

जय भीम.