पत्ता सांगणारावर किती विसंबावें?

गेल्या महिन्यांत एका रात्रीं आमचा पुतण्या पानावरील भात तसाच टाकून उठला. तो संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. त्याच्या कचेरींत कोणासच संगणकावर प्रवेश मिळेना, म्हणून बोलावणें आलें होतें. ज्या यंत्रावर सर्वांचीं नांवें व परवलीचे शब्द नोंदलेले असत, तें जुनें यंत्र त्याच दिवशीं काढून टाकिलें होतें. शेजारीं दोन नवीं यंत्रें तीच चाकरी करीत होतीं. परंतु आज्ञावलींत जुन्याचेंच नांव कोरून ठेविलेलें, त्यामुळें ती बिचारी रिकाम्या घराच्या दाराशीं हांका मारीत बसली.

"काका, चूक माझीच," असें दुसरे दिवशीं म्हणून त्यानें आम्हांस सर्व प्रकार समजावून सांगितला.

अशा नोंदवहीच्या यंत्रास डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात, आणि त्यास प्रश्न विचारण्याची जी रीत मिशिगन विद्यापीठांत १९९३ च्या सुमारास सिद्ध झाली, तिला एलडॅप. हें यंत्र कोठें आहे तें आज्ञावलीनें पाठ करूं नये, विचारावें. कोणास? तर डीएनएसला. नांवावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था १९८३ पासूनची. पण यंत्राचें नांव ठाऊक नसतां केवळ 'अमुक सेवा येथें कोण करितो?' असें विचारण्याची सोय 'एसआरव्ही' नोंदीनें झाली. तिचा नियम २००० सालच्या आरएफसी २७८२ मध्यें आहे. प्रश्न सूत्रासारखा आंखूड: अधोरेषा एलडॅप, टिंब, अधोरेषा टीसीपी, टिंब, आणि शेवटीं संस्थेचें नांव. अधोरेषा एवढ्याकरितां कीं, एखाद्या साध्या नांवाशीं घोटाळा होऊं नये. (आम्हांस पाणिनीच्या इत्संज्ञक वर्णांची आठवण झाली, तेहि असेच खुणेपुरते.)

उत्तरांत प्रत्येक यंत्रामागें अग्रक्रम, भार, दाराचा क्रमांक (एलडॅपचा बहुधा ३८९) व यंत्राचें नांव येतें. अग्रक्रमाचा आंकडा लहान, त्याचा मान आधीं. समान अग्रक्रमाच्या दोन यंत्रांचे भार ६० व ४० असले, तर दहांतून सुमारें सहा वेळां पहिल्याकडे व चार वेळां दुसऱ्याकडे जावें. एकानें दार न उघडल्यास पुढच्याकडे वळावें. उत्तरासोबत त्याची मुदतहि येते. ती संपली कीं पुनः विचारावें.

येथवर आम्हीं मान डोलाविली. मग मास्तरी खोडीप्रमाणें विचारिलें, "अरे, पत्ता सांगणारानेंच खोटें सांगितलें तर?"

तो थबकला. डीएनएसचें साधें उत्तर वाटेंत बदलतां येतें. मग सर्वांचे परवलीचे शब्द भलत्याच्या हातीं जावयाचे. उपाय प्रमाणपत्राचा: यंत्रानें आधीं आपली ओळख पटवावी, मगच त्यास शब्द सांगावा. आमच्या चिरंजीवानें ही तपासणी 'तूर्त' बंद ठेविली होती! हें 'तूर्त' किती वर्षें चालतें, तें आम्हीं आमच्या नोकरींत पुष्कळ पाहिलें आहे. पण नुसती तपासणीहि पुरत नाहीं. चोरानें उत्तरांत स्वतःच्याच यंत्राचें नांव घुसडलें, तर त्या नांवाचें अस्सल प्रमाणपत्र त्याजपाशीं असावयाचेंच. शाळेंत आम्हीं कित्येक दाखले तपासले; दाखला खरा आणि मुलगा भलताच, असाहि प्रकार घडतो. म्हणून प्रमाणपत्र उत्तरांत आलेल्या नांवाशीं जुळलें एवढ्यानें भागत नाहीं. तें आपल्याच संस्थेच्या नांवाचें आहे ना, हें पाहिलें पाहिजे.

गेल्या शनिवारीं त्यानें सुधारलेली आज्ञावली चालू करून एक यंत्र मुद्दाम बंद केलें. कचेरींत कोणास कांहींच कळलें नाहीं. मग उत्तरांत एक परकें नांव स्वतःच घालून पाहिलें. आज्ञावलीनें त्यास दाद दिली नाहीं. त्या रात्रीं पानें मांडण्याआधींच तो पाटावर येऊन बसला होता.