जिमी चू, कोल्हापुरी आणि आमची भाची

जिमी चू म्हटलं की डोळ्यांसमोर उंच टाचांचे महागडे सँडल येतात, माणूस काही येत नाही. 'सेक्स अँड द सिटी' पाहिलेल्यांना तर हे नाव पाठच असेल. पण हा माणूस आहे, अगदी खराखुरा, आणि त्याची गोष्ट मला हल्ली वरचेवर आठवते. का, ते पुढे येईलच. आधी गोष्ट.

मलेशियातल्या पेनांगला, जॉर्ज टाउन गावात, १९४८ साली एका चिनी कुटुंबात हा जन्मला. वडील हाताने चपला-बूट बनवायचे. खरं आडनाव 'चाव', पण जन्मदाखल्यावर 'चू' लिहिलं गेलं आणि तेच राहिलं. (आपल्याकडे अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून असायची, त्यातलाच प्रकार!) वडिलांच्या हाताखाली शिकून अकराव्या वर्षी पठ्ठ्याने पहिला जोड बनवला. पुढे लंडनला जाऊन कॉर्डवेनर्स कॉलेजात बूट बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यासाठी हॉटेलात काम केलं, बुटांच्या कारखान्यात झाडलोट केली. १९८३ साली तिथून बाहेर पडला, १९८६ साली हॅकनी भागात एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत जागा घेऊन कामाला लागला. १९८८ साली 'व्होग' मासिकाने त्याच्या कामाला आठ पानं दिली. मग खुद्द राजकुमारी डायना गिऱ्हाईक झाली.

इथवर तो आपल्या ओळखीचाच कारागीर आहे. पायाचं माप घेणार, फर्मा तयार करणार, एकेक जोड हाताने शिवणार. १९९६ मध्ये 'व्होग'मधल्याच टमारा मेलनबरोबर त्याने कंपनी काढली आणि गाडी सुसाट सुटली. इटलीतले कारखाने, मोठमोठी दुकानं, ऑस्करच्या रेड कार्पेटवरच्या नट्या. डिझाईनचं बरंचसं काम नात्यातली भाची सँड्रा चॉय बघू लागली. २००१ मध्ये जिमीने आपला निम्मा हिस्सा १ कोटी पौंडांना विकला. २०१७ मध्ये मायकल कोर्सच्या कंपनीने अख्खी 'जिमी चू' जवळजवळ ९० कोटी पौंडांना घेतली, तेव्हा त्या व्यवहारात जिमी चू नावाचा माणूस कुठेच नव्हता. नाव त्याचं, मालकी दुसऱ्यांची. २०२१ मध्ये त्याने लंडनला मुलांना फॅशन शिकवणारी अकादमी काढली. म्हणजे माणूस फिरून शिकवण्यावर आला, वडिलांनी त्याला शिकवलं तसा.

आता भाची. माझी, सँड्रा नव्हे :)

माझी बहीण पेणला दिली, मी रोह्याला. तिच्या मुलीने बारावीनंतर फुटवेअर डिझाईनला जायचं ठरवलंय. केंद्र सरकारची एफडीडीआय नावाची संस्था आहे, १९८६ ची, २०१७ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जाही मिळाला. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं केंद्र म्हणजे अंकलेश्वर. मुलीने सगळी माहिती काढून ठेवली, आणि घरात जे काही झालं ते तुम्हा नातेवाईकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पैसे, अंतर, नोकरी मिळेल का, हे प्रश्न रास्तच आहेत. पण शेवटी सगळी चर्चा एका वाक्यावर येऊन थांबली, "एवढं शिकवून आता चपला शिवायच्या?" आणि पाठोपाठ एका जातीचं नाव, शिवी दिल्यासारखं.

मला बोलायचंय ते ह्या वाक्याबद्दल.

पोरीच्या आजोबांचा गणपतीचा कारखाना होता. पेणमधल्या, हमरापूर-जोह्यातल्या कित्येक घरांसारखाच. भाद्रपदाच्या आधी चार-पाच महिने ते कोपरापर्यंत शाडूच्या चिखलात असायचे. त्यांना सगळं गाव मूर्तिकार म्हणायचं, अजूनही म्हणतं. बाप्पाच्या डोळ्यांची आखणी करताना कारखान्यात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असा त्या कामाचा मान. हाच हात, हीच नजर, हीच मापं डोळ्यांत साठवायची सवय नातीकडे आलीय. फक्त चिखलाच्या जागी चामडं आलं आणि मान गेला? कामात फरक कुठे आहे, मला कुणीतरी दाखवा. फरक आहे तो इतकाच, की एक काम आपण देवाचं ठरवलं आणि दुसरं शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं.

आणि ते काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी उंच टाचेचा बूट एकदा उलटा करून बघावा. टाच जितकी उंच, तितका अंगाचा भार चवड्यावर येतो. तळ मधे वाकून मोडू नये म्हणून आत पोलादाची पट्टी बसवलेली असते. टाच जरा पुढेमागे बसली तर बाई पडणार. सुबक चित्र काढून हे जमत नाही.

बरं, हे लाजेचं प्रकरण आपल्याकडेच आहे असंही नाही. साल्वातोरे फेरागामो हा इटलीतल्या बोनितो गावच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, चौदा भावंडांतला अकरावा. त्याला बूट बनवायचे होते आणि घरच्यांना ते हलकं काम वाटत होतं. पुढे सगळं हॉलिवूड त्याचे बूट घालून नाचलं, आणि आज त्याच्या नावाचं म्युझियम फ्लॉरेन्समध्ये आहे. पण तिथे निदान जन्मावरून कुणी कायमचं ठरवून टाकलेलं नव्हतं. आपल्याकडे जात आहे, म्हणून हे वाक्य जास्त झोंबतं.

२०२५ चा जून आठवा. मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखे दिसणारे सँडल आणले, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. केवढा गदारोळ झाला! आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा 'आमची कोल्हापुरी, आमचा अभिमान' असे मेसेज फिरत होते. प्राडाला कोल्हापुरीचं ऋण मान्य करावं लागलं, त्यांची माणसं जुलैमध्ये कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याशी करार झाला. २,००० जोड, एकेक सुमारे ८०० युरोंना, म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर.

चांगलंच झालं. पण ती चप्पल करतं कोण? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात चामडं मुरवणारा, ते कुटून तळ करणारा, चामड्याच्याच वादीने शिवणारा, वेणी घालणारी त्याची घरची बाई. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात आहेत. त्यामुळे नाव जपलं गेलं, पण ते गावाचं. माणसाचं नाव त्यात येत नाही. पेणच्या गणपतीचंही तेच. मूर्ती मुंबईला जाते, परदेशात जाते, डोळे कुणी आखले ते कुणी विचारत नाही. तिकडे जिमी चूचं नाव राहिलं आणि माणूस बाहेर गेला, इकडे माणसं कामाला आहेत आणि नावच नाही.

ज्या वस्तूचा आपल्याला मिलानपर्यंत अभिमान वाटतो, ती बनवणं आपल्या घरातल्या मुलीने शिकायचं म्हटलं की लाज वाटते. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात? उद्या ती 'डिझायनर' झाली की हेच लोक पेढे वाटतील, हेही मला माहीत आहे. तेही मला नकोय. 'डिझायनर' म्हटल्याने काम शुद्ध होतं, असं मानणं म्हणजे तीच जात इंग्रजीतून पाळणं.

भाचीला माझं एवढंच सांगणं आहे, कॉलेज कर, पण सुट्टीत महिनाभर कोल्हापूरला एखाद्या कारागिराशेजारी बसून शीव. कॉम्प्युटरवरचं डिझाईन त्यानंतर. आणि उद्या काही उभं केलंस, तर शिवणाऱ्याचं नाव जोडावर घाल. इकडे रोह्याच्या पावसात तुझ्या उंच टाचा कोण घालणार हा प्रश्न आहेच, त्याचं उत्तरही तूच शोध :)

असो. दिवाळीला सगळे पेणला जमणारच आहोत. अंकलेश्वरचा खर्च, हॉस्टेल, नोकरी, काय विचारायचं ते तिला जरूर विचारा, तिच्याकडे उत्तरं आहेत. पण ते चपलांचं वाक्य पुन्हा नको. तिच्यासमोर नको, आणि तिच्यामागेही नको.