विश्रांतीचा दिवस हाही सरावाचाच दिवस

संघ सामना हरला की प्रशिक्षकांचा राग सरावावर निघतो. दुसऱ्याच दिवशी पहाटे मैदानाच्या दुप्पट फेऱ्या आणि दुप्पट दंडबैठका! जितका घाम जास्त, तितका खेळाडू तयार, ही आपल्याकडील पक्की समजूत. माझ्या मते या समजुतीने खेळाडूंचे फार नुकसान केले आहे. ते कसे, हे रग्बीकडे पाहिले की चटकन ध्यानात येते.

रग्बी हा अंगावर येणारा खेळ. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटे आणि शंभर-शंभर किलोच्या देहांच्या टकरी. १९९५ साली पंधरा जणांचा हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला. खेळाडू पगारी झाल्याने दिवसभर सरावाला मोकळे झाले. शरीरे अधिक वजनदार झाली, टकरींचा जोर वाढला. तेव्हा दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत किती सराव घ्यायचा, हा प्रश्न ऐरणीवर आला.

असा सामना संपतो तेव्हा स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते. स्नायूंतील क्रिएटिन कायनेज हे द्रव्य रक्तात उतरते. पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि ते पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस जातात. स्नायूंतील साखरेचा साठाही बराच कमी झालेला असतो. शरीर ही झीज भरून काढते आणि स्नायू पूर्वीपेक्षा बळकट करते. मात्र हे काम झोपेत, आहारातून आणि सवडीने होते. दुरुस्ती पुरी होण्याआधीच पुन्हा भार टाकला, तर बळ वाढण्याऐवजी दुखापत वाढते.

म्हणूनच शनिवार ते शनिवार सामने असतील, तर रग्बी संघाचा आठवडा साधारण असा आखतात : रविवारी विश्रांती, सोमवारी हलका व्यायाम, मंगळवारी कस लावणारा सराव, बुधवारी सुट्टी, गुरुवारी वेगवान पण आटोपशीर सराव आणि शुक्रवारी थोडी उजळणी. जागतिक रग्बी संघटनेने २०२१ साली मार्गदर्शक मर्यादाच घालून दिली. पूर्ण जोराच्या टकरींचा सराव आठवड्यात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको आणि नियंत्रित टकरींचा चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको! २०२३ च्या विश्वचषकात तर प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये किमान पाच दिवस विश्रांती मिळेल, असेच वेळापत्रक आखले गेले. सामन्यातील टक्कर कोणाच्या हातात नसते, सरावातील टक्कर मात्र प्रशिक्षकाच्या हातात असते, हा त्यामागचा विचार.

भार मोजण्यासाठी मोठ्या संघांकडे पाठीवर बांधायची यंत्रे असतात. पण एक साधी रीत वही-पेन्सिलीवरही जमते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारावे, ‘दहापैकी किती दमलास?’ त्या आकड्याला मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटे आणि सात गुण म्हणजे ४२०. तीस मिनिटे आणि तीन गुण म्हणजे ९०. आठवड्याची बेरीज एकदम उसळू देऊ नये. महिनाभर घरी बसून अचानक मैदानात उतरणेही तितकेच घातक असते. भार हवाच, पण तो पायरीपायरीने वाढवलेला हवा.

आता आपल्या कबड्डीकडे वळू. चाळीस मिनिटांचा हा खेळही अंगाला अंग भिडवणारा. गावोगावच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत दिव्यांच्या उजेडात एकाच संघाला एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीन सामने खेळावे लागतात. जो जिंकतो, त्यालाच विश्रांती कमी! थकलेल्या पायावर गुडघा पिळला गेला आणि आतील लिगामेंट तुटले, तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. यातली कित्येक मुले पोलीस भरतीची तयारी करत असतात. बक्षिसाच्या ढालीपायी सोळाशे मीटरची धाव हुकली, तर नुकसान कोणाचे?

‘मैदान, मंडप, दिवे यांचा खर्च होतो, दिवस वाढवणार कसे?’ असे आयोजक म्हणतील. अडचण खरी आहे. पण संघांची संख्या कमी करता येते. शिवाय राखीव खेळाडू काही नुसते बाकावर बसवून ठेवण्यासाठी नसतात. त्यांना आलटूनपालटून खेळवावे.

माझे सांगणे एवढेच :

• एका खेळाडूने दिवसात शक्यतो एकच सामना खेळावा. दोन अटळच असतील, तर मध्ये काही तासांचे अंतर असावे.

• सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पकडींचा सराव नको. चालणे, हलके ताण आणि आठ तास झोप पुरे.

• डोक्याला मार लागून भोवळ आली किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परत उतरू नये.

• वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळू नये. ताजी सूज चोळू नये. गुडघा सुजला किंवा ‘सटकतो’ आहे असे वाटले, तर लगेच तपासून घ्यावा.

स्पर्धांच्या पत्रिकांवर पहिल्या बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते. तिच्याच खाली, ‘एका दिवशी एका खेळाडूला इतकेच सामने’ ही ओळही आयोजकांनी छापावी. त्याला खर्च काहीच येत नाही.