पुढची सीट कोणाची?

मराठीत माणसाला काय काय लागतं पाहा. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते आणि गाडी लागते. भूक-तहान लागली तर कुणी दोष देत नाही. दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या ओवाळतात. गाडी लागली की मात्र सगळे असं बघतात, जणू त्या माणसाने ती मुद्दाम लावून घेतली आहे. "मनावर घेऊ नकोस", "सकाळी कशाला खाल्लंस?", आणि शेवटी ते नेहमीचं, "तू घरीच थांबली असतीस तर बरं झालं असतं." साठेक वर्षं मी हे ऐकते आहे. सासरचं ऐकलं, माहेरचंही ऐकलं.

आज लिहायचं आहे ते मात्र घरच्यांबद्दल नाही. लिहायचं आहे सहल कंपन्यांच्या बसमधल्या सीट रोटेशनबद्दल. ज्यांनी अशा सहली केल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. रोज सकाळी प्रत्येकाने ठरलेल्या ओळी सरकून बसायचं. आज पुढे असलेला उद्या मधे, परवा मागे. म्हणजे पुढची सीट कुणा एकाची मिरासदारी होत नाही. ऐकायला किती छान वाटतं! मी म्हणते, हा न्याय नाही. ही नुसती समान वाटणी आहे.

२०२४च्या जानेवारीत आम्ही दोघं कच्छला गेलो. भुजपर्यंत रेल्वे, आणि रेल्वे मला लागत नाही. पहिले दोन दिवस भुज आणि मांडवी, ते निभावलं. तिसऱ्या दिवशी धोलावीरा. खरं तर याच एका जागेसाठी मी या सहलीला हो म्हटलं होतं. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. हडप्पा आणि मोहेंजोदडो फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले, पण धोलावीरा आपल्याकडे आहे. वाळवंटातल्या खदीर बेटावर, चहूबाजूंनी मिठाचं रण. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली १९९० पासून तिथे उत्खनन झालं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्या वेरूळ-अजिंठ्याला तो मान १९८३ मध्येच मिळाला, तेव्हा आम्हा औरंगाबादकरांना (आता छत्रपती संभाजीनगरकर, पण जिभेचं वळण सहज जात नाही) तशी वारशाची सवय आहे. तरी अजिंठा दोन हजार वर्षांमागचा आणि धोलावीरा साडेचार हजार वर्षांमागचा. ते डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि नेमकी त्या दिवशी रोटेशनने आमची ओळ आली शेवटून दुसरी.

मी व्यवस्थापकांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पोरगा नम्र होता. म्हणाला, "आजी, एकासाठी नियम मोडला तर सगळ्यांसाठी मोडावा लागेल." सकाळी बसमध्ये त्याने विचारून पाहिलं, कुणी अदलाबदल करेल का? एक गृहस्थ म्हणाले, "आम्हीही तेवढेच पैसे भरलेत." बाकीचे खिडकीबाहेर बघू लागले. असो.

भुजहून खावड्यामार्गे धोलावीरा साधारण १३० किलोमीटर. खावड्याच्या पुढे रस्ता रणातून जातो, अगदी सरळ, दोन्हीकडे पांढरं मीठ, समोर क्षितिजाची रेघ. गंमत बघा, गाडी लागणाऱ्या माणसासाठी याहून चांगला रस्ता शोधून सापडायचा नाही. ना घाट, ना वळण. पण तो पुढे बसलेल्यांसाठी! मागे आम्हाला दिसत होत्या सीटच्या पाठी. उन्हामुळे पडदे ओढलेले, अंताक्षरी रंगात आलेली आणि मागच्या चाकांच्याही मागे असल्याने दर खड्ड्याला बस आम्हाला वर फेकून खाली झेलत होती. रणापर्यंत पोचायच्या आतच माझ्या दोन पिशव्या झाल्या होत्या.

हे मनाचे खेळ नव्हेत, हे एकदा नीट सांगायला हवं. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कसं, किती वळलं ते त्यांतला द्रव मेंदूला कळवतो. शेजारीच सरळ रेषेतली हालचाल आणि डोक्याचा कल ओळखणारे बारीक खडे असतात. कान सांगतो, आपण हलतोय. डोळे सीटच्या पाठीवर खिळलेले, ते सांगतात, सगळं स्थिर आहे. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत आणि भोगावं लागतं पोटाला. आतल्या कानाचं हे काम दोन्ही बाजूंनी बंद पडलेल्या लोकांना गाडी लागत नाही, यावरूनच काय ते समजा. ड्रायव्हरला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळलेलं असतं. पुढे बसलेल्यालाही रस्ता दिसतो, त्याच्या डोळ्यांची आणि कानांची साक्ष बरीच जुळते. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्याला शेवटपर्यंत समुद्र लागत होता. त्याला कुणी मनोबल कमी म्हणत नाही. इंग्रजीतला 'नॉशिया' शब्दसुद्धा ग्रीक भाषेतल्या जहाजाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे दुखणं किती जुनं ते पाहा.

"मग गोळी घ्यायची ना!" हे पुढचं वाक्य. मंडळी, ती गोळी पूर्वी घेतली आहे. घेतली की झोप लागते, आणि मुक्काम आला तरी डोळे उघडत नाहीत. शिवाय माझ्या काचबिंदूच्या प्रकारात तसली औषधं चालत नाहीत, डॉक्टरांनी बंद केली आहेत. माझ्या वयाच्या कुणीही ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. राहिली आवळासुपारी, लिंबू आणि आलेपाक. त्यांनी तोंडाची चव बरी होते, आतल्या कानाची समजूत पटत नाही.

धोलावीरा मी कसं पाहिलं? एका दगडावर बसून. समोर पाण्याचा प्रचंड हौद होता, दगडात बांधलेला. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पावसाळी पाणी बांध घालून वळवायचं आणि नगराभोवतीच्या हौदांत साठवायचं, अशी योजना. मराठवाड्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाने हे बसून का होईना पाहावंच. बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापर्यंत चढायचं त्राण मात्र नव्हतं. तिथेच ती प्रसिद्ध पाटी सापडली होती. दहा चिन्हं, एकेक सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, पांढऱ्या जिप्समचे तुकडे जोडून केलेली. अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. हे वर जाऊन आले आणि मला वर्णन करून सांगत बसले. पन्नास वर्षांचा संसार, सांगतात ते चांगलंच. पण ऐकीव धोलावीरा मला पुस्तकातही मिळालं असतं. ती पाटी मोठ्या अक्षरांत का केली असेल, यावर मी तिथे बसून बराच विचार केला. लांबून येणाऱ्यालाही दिसावी म्हणूनच ना?

आम्ही शाळेत काय करत होतो ते आठवा. ज्याला फळा दिसत नाही तो पहिल्या बाकावर. वर्षभर. त्याची बाकं कुणी दर सोमवारी फिरवली नाहीत, आणि उंच मुलांच्या पालकांनी कधी 'आम्हीही फी भरली' म्हणून तक्रार केली नाही. अजिंठ्याच्या सहलीला लाल एसटीत गाडी लागणारी पोरं पुढे बसायची, वात्रट पोरं आपण होऊन मागची लांब सीट धरायची. सगळे खूश! चौथीतल्या मुलांना जे कळत होतं ते पासष्टीच्या लोकांना का कळू नये?

आता दुसरी बाजू. आमच्या बसमध्ये गुडघे बदललेले दोघं होते, एका बाईंची कंबर धरलेली. मागचे हादरे त्यांनाही सोसवत नाहीत. ज्येष्ठांच्या सहलीत प्रत्येकाकडे पुढच्या सीटचं एक कारण असतंच आणि त्यातलं खरं कोणतं, लटकं कोणतं, हे त्या पंचविशीच्या पोराने बसच्या दारात उभं राहून कसं ठरवावं? ही अडचण मला मान्य आहे. पण म्हणूनच ते दारात ठरवायचं नसतं, फॉर्मवर ठरवायचं असतं. फॉर्मवर मला विचारलं होतं, शाकाहारी की मांसाहारी, जैन जेवण हवं का, मधुमेह, रक्तदाब, आपत्कालीन फोन. जैन जेवणाचं ताट रोटेशनने फिरवत नाहीत! 'गाडी लागते का?' हा प्रश्न मात्र नव्हता. कंबरेचं दुखणं चाकांच्या मधल्या ओळींत बरंच कमी जाणवतं, गाडी लागणाऱ्याला समोरची काच हवी असते. आधी विचारलं तर दोघांचीही सोय लागते.

परतताना साताऱ्याकडच्या एका बाईंनी न विचारता आपली दुसऱ्या ओळीतली जागा मला दिली आणि त्या मागे जाऊन गात बसल्या. येताना जे रण मला पिशवीत तोंड घालून ओलांडावं लागलं होतं, ते जाताना मी पाहिलं. पाऊण तास डोळे क्षितिजावर. पोटात काही नाही, डोक्यात काही नाही.

सहल कंपनीला मी पत्र पाठवलं आहे. फॉर्मवर तो एक प्रश्न घाला, शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास असेल त्या दिवशी पहिल्या दोन ओळी रोटेशनमधून वगळा, आणि दीड तासाने दहा मिनिटं गाडी थांबवा. अजून उत्तर नाही. पुण्याच्या नणंदबाई आता जैसलमेरचं ठरवताहेत, त्याच कंपनीबरोबर. मी त्यांना सांगितलंय, आधी माझ्या पत्राचं उत्तर येऊ द्या, मग माझं नाव घाला.