फोनवरचा सल्ला आणि दाराआडची खोली



बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, उतारा हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून या खेपेस आम्ही एका निराळ्याच गोष्टीवर लिहीत आहोत. कारखान्याच्या पत्रिकेत ती काहींना शोभणार नाही. आमच्या मते तिची जागा इथेच आहे.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तेवढा काळ सोसायटीचे कर्ज, पोरांची फी, लग्नकार्य हे सगळे डोक्यावर घेऊन माणूस वावरतो. तोड लांबली, वजन घटले, की झोप उडते. जेवण जात नाही, माणूस चिडचिडा होतो, नाहीतर मुका. घरचे म्हणतात, "काय नाही, जरा टेन्शन हाय." असे दोन-चार महिने जातात. मग देवऋषी, नाहीतर गुत्ता. मानसोपचाराच्या डॉक्टरचे नाव काढले तर "मी काय खुळा झालोय व्हय?" हे उत्तर ठरलेले. त्या पाटीखाली बसलेले कुणी पाहिले तर पोरीच्या सोयरिकीला आडवे येईल, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणूनच फोनवरच्या सल्ल्याचे मोल. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, फुकट, आणि मराठीतून बोलता येते. प्रथम समुपदेशक ऐकून घेतो. गरज दिसली तर पुढे मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता किंवा डॉक्टर यांच्याकडे जोडून देतात.

सामाजिक कार्यकर्ता म्हटले की आपल्याकडे हार घालून घेणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे एम.फिल. अशी त्याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. तो औषध लिहून देत नाही. कर्ज किती, घरात कोण कुणाशी बोलत नाही, दारू कधीपासून, अडीअडचणीला कोण धावून येईल, हे धरून तो माणसाला वाट काढायला लावतो. शेतकऱ्याचे दुखणे निम्मे डोक्यात तर निम्मे खातेवहीत असते. तेव्हा असा माणूस आपल्या उपयोगाचा आहे. मोबाईलवर पैसे घेऊन सल्ला देणारेही आता पुष्कळ निघालेत. बियाण्याची पिशवी आपण टॅग बघून घेतो, तसे तिथे शिक्षण विचारावे.

फोनने सगळे होत नाही, हेही सांगतो. कुणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, त्याला एकटे सोडू नये, औषधफवारणीच्या बाटल्या कुलपात टाकून किल्ली दुसऱ्याने ठेवावी. पोलिसांच्या धाकाने लोक अजून असे प्रकार झाकतात. त्याच कायद्याप्रमाणे, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे धरतात, आणि उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. फोन करायचा कुठे? सोप्यात म्हातारा, आत सासू, बाहेर गडी. सून अर्धा तास कुणाशी बोलते याची चौकशी गल्लीभर होते. कित्येकींना स्वतःचा फोनही नाही. तोडणीवाल्यांच्या कोपीत तर दारच नसते.

तेव्हा संचालक मंडळाकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गट ऑफिसात दार लागेल अशी एक खोली, एक खुर्ची, एक फोन. आले-गेल्याची नोंद ठेवायची नाही. किल्ली जमेल तिथे बाईमाणसाकडे असावी. सभासद, बिगरसभासद आणि टोळीवाले सर्वांना ती मोकळी असावी. शिवाय ऊसबिलाच्या पावतीवर १४४१६ हा आकडा छापावा. गेस्ट हाऊसच्या एका रंगरंगोटीइतकाही खर्च यास येणार नाही.

येत्या वार्षिक साधारण सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. ज्यांना अनुमोदन द्यायचे आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. स्त्री सभासदांनी तर अवश्य यावे, नुसती सहीला माणसे पाठवू नयेत.