सहलीची आखणी

सहलीचा दिवस जाहीर झाला, की वर्गात आनंदाला भरते येते. डब्यात काय न्यायचे, गाडीत कोणाशेजारी बसायचे, याची चर्चा सुरू होते. पण किती चालायचे आणि परत केव्हा फिरायचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते गुरुजींचे काम, अशी सर्वांची समजूत असते. काहींना तर 'आखणी' हा शब्दच आवडत नाही. पाय नेतील तिकडे जावे, त्यातच खरी मौज, असे त्यांचे म्हणणे असते.

या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. घड्याळाच्या काट्याला बांधलेली सहल कवायतीसारखी रुक्ष होते. परंतु आखणी न केलेल्या सहलीची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही पाहिले पाहिजे. धडधाकट मुले पुढे निघून जातात. ज्याचे पाय लवकर थकतात, जो नुकताच आजारातून उठलेला असतो, तो मागे पडतो. त्याच्या वाट्याला ना डोंगर येतो, ना नदी. पुढे गेलेल्यांच्या पाठी तेवढ्या त्याला दिसतात. म्हणून आखणी करताना 'किती दूर जाता येईल?' हा पहिला प्रश्न नसावा. 'सर्वांत सावकाश चालणाऱ्याला आनंदाने किती दूर जाता येईल?' हा असावा.

अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. तेथे वाघोरा नदीने काळा कातळ कापीत घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा उभा आहे आणि त्याच्या पोटात सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. पुष्कळशी पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. बरेच प्रवासी लेणी पाहतात आणि आल्या वाटेनेच परत जातात. लेण्यात उभे असता चित्रे दिसतात. पण ज्या कड्याने ती लेणी पोटाशी धरली आहेत, तो कडा दिसत नाही.

तो पाहावयाचा तर वळशाची वाट धरावी. पहिल्या लेण्यापासून चालत शेवटच्या टोकाला जावे. तेथून खाली उतरून पुलावरून पैलतीर गाठावा. समोरच्या उंचवट्यावर थोडे चढावे, मनसोक्त पाहावे आणि आठव्या लेण्याखालच्या दुसऱ्या पुलाने अलीकडे येऊन प्रवेशद्वाराची वाट धरावी. वाट मोठी नाही. पण तिच्यामुळे तेच स्थळ दोन बाजूंनी दिसते. पैलतीरावरून लेण्यांची रांगच्या रांग एका दृष्टिक्षेपात येते. पूर्वी लेण्यांतून नदीकडे उतरावयास पायऱ्या होत्या. खाली पाणी, वर निवारा आणि भोवती शांतता; भिक्षूंनी ही जागा का निवडली, याचे उत्तर तेथे आपोआप मिळते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीस आला असता, पैलतीरावरच्या डोंगरावरूनच त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. पुढे त्याने त्या लेण्यातील चित्रित खांबावर आपले नाव कोरले. त्याची दृष्टी घ्यावी. त्याचे ते कृत्य मात्र कोणी गिरवू नये.

ज्या माथ्यावरून त्याने लेणी पाहिली, तेथे जाण्यास आणखी बरीच चढण चढावी लागते. लहान मुलांच्या सहलीने ती सोडून द्यावी. यावर कोणी म्हणेल, की ही सहल अर्धवट झाली. पण माथा कोठे पळून जात नाही. दहा जणांनी माथा गाठावा आणि दोघांनी खाली खिन्न बसावे, याहून सर्वांनी मधल्या उंचवट्यावर एकत्र उभे राहावे, हेच अधिक चांगले.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात धबधबा शोभिवंत दिसतो. पण पायवाटा निसरड्या होतात, आणि वरच्या अंगाला पाऊस पडला तर ऊन असतानाही नदी चढते. गावोगाव पायी हिंडणारे बौद्ध भिक्षूसुद्धा पावसाळ्यात एके ठिकाणी मुक्काम करीत. त्याला ते वर्षावास म्हणत. चालण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना जेथे थांबणे योग्य वाटले, तेथे शाळेतील मुलांनी उतावीळ होऊ नये. उन्हाळ्यात नदी आटते व कातळ तापतो. पाऊस सरल्यावरचे कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस त्यातल्या त्यात उत्तम.

उरलेल्या गोष्टी लहान, पण महत्त्वाच्या आहेत. लेणी सोमवारी बंद असतात. बाहेरच्या गाड्या सुमारे ४ किलोमीटर अलीकडे थांबतात व पुढे तेथल्या बसने जावे लागते. पिण्याचे पाणी प्रत्येकाने जवळ बाळगावे. अशा कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. म्हणून दगड भिरकावू नयेत आणि आरडाओरडा करू नये. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे व सर्वांत दणकट मुलाने शेवटी चालावे. प्रत्येक पुलावर मोजदाद करावी. परत फिरण्याची वेळ घरून निघण्यापूर्वीच ठरवावी व ती मोडू नये.

ही सर्व आखणी गुरुजींच्या देखरेखीखाली मुलांनीच करावी. फळ्यावर नदीचे वळण काढावे, पूल दाखवावेत, कामे वाटून घ्यावीत. जो वाट आखतो, त्याला सोबत्यांच्या पायांचा विचार करावाच लागतो; आणि दुसऱ्याच्या पायांचा विचार करण्याची सवय सहलीनंतरही उपयोगी पडते. नदीच्या पैलतीरावर उभे राहून शेवटचा मुलगा जेव्हा म्हणतो, 'मलाही दिसला कडा!' तेव्हा ती सहल सफल झाली असे समजावे.