फॉन्ट बदलताना

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे टंकलेखकाचे काम आहे, असा आपल्या मराठी विभागांचा समज आहे. आमचाही होता. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांकरवी सोनपेठ परिसरातील जात्यावरच्या ओव्या जमवून आम्ही त्या डीटीपी केंद्रात टंकित करून घेतल्या होत्या. अलीकडे ती फाइल उघडली, तेव्हा ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गाळ दिसला. एका रूपांतरकातून ती काढली आणि पडद्यावर पुन्हा मराठी आली. आमचा आनंद वाचायला बसेपर्यंतच टिकला.

‘दऱ्या’चे सर्वत्र ‘दर्या’ झाले होते. बालाघाटाच्या कुशीतल्या ओवीत अकारण समुद्र शिरला होता. ‘वाऱ्यावर’, ‘सासऱ्याचा’ या शब्दांचीही तीच गत. मग शुद्धलेखन तपासनीसाने ‘व्हतं’चे ‘होतं’ करून ओवी सांगणाऱ्या बाईचा उच्चारच पुसला.

हे घडते कसे? जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांच्या आकृती रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. मराठी दिसत होती फक्त आपल्याला. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. त्यांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर नोंदला जाई, म्हणजे दिसेल त्या क्रमाने. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. रूपांतरकाला वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते आणि रफार मागे आणावा लागतो. रफार आणि मराठीचा खास अर्धा ‘ऱ्’ यांतला भेद त्याच्या तक्त्यात नसेल, तर ‘आचाऱ्यांना’ दिलेले आमंत्रण ‘आचार्यांना’ जाते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. परंतु ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. त्याआधी तो ‘अ’वर चंद्र चढवून लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरे हाती लागेलच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत आवश्यक केली. मात्र जुन्या फॉन्टातला प्रबंध पीडीएफ होऊन ग्रंथालयात पोचला, तरी त्यातला एकही मराठी शब्द शोधून मिळत नाही. तो प्रबंध जपला जातो, पण सापडत नाही.

महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली आणि मराठी वाङ्मयेतिहासात आद्यकालीन गद्याचे दालन उघडले. महानुभावांनी कुलूप हेतुपूर्वक घातले होते आणि किल्ली जपली होती. आपण मात्र अजाणता कुलूप घातले आणि किल्ली, म्हणजे तो फॉन्ट, जुन्या संगणकाबरोबर भंगारात दिली.

आज यंत्रे संदर्भावरून शब्दाचा अंदाज बांधतात आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण त्यांचा कल सामान्यतः प्रमाण भाषेकडे असतो. ओवी, लीळा, बखर यांत जे अप्रमाण दिसते, तेच बहुधा मोलाचे असते. ‘व्हतं’ ही चूक आहे की पाठ, याचा निर्णय यंत्रावर सोपवता येत नाही. तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की फॉन्टांतर हे संपादनच मानावे. मूळ फाइल आणि फॉन्ट दोन्ही जपावेत, फॉन्टचे नाव नोंदवावे, छापील प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावे आणि केलेले बदल टिपांत द्यावेत. एम. ए.च्या विद्यार्थ्याने एक जुना प्रबंध वा लोकगीतांचा संग्रह असा सोडवला, तर ते काम प्रकल्प म्हणून स्वीकारायला कोणती अडचण आहे? पाठभेद म्हणजे काय, हे त्याला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक कळेल.

आम्ही आमच्या ओव्या पुन्हा वाचायला घेतल्या आहेत, एका हाती छापील प्रत धरून. काम संथ आहे. पण सांगणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. त्यांचा उच्चार पुन्हा विचारून घेण्याची सोय उरलेली नाही.